कागुया राजकन्येची गोष्ट: तुटक्या रेघेतून मोठी होत जाणारी मुलगी

जपानी दिग्दर्शक इसाओ ताकाहाता यांच्या ‘द टेल ऑफ द प्रिन्सेस कागुया’ (२०१३) या ॲनिमेशनपटाची कथा पाच वाक्यांत सांगून होते. बांबू तोडून पोट भरणाऱ्या म्हाताऱ्याला रानात उजळलेल्या कोंबात तळहातावर मावेल एवढी राजकन्या सापडते. घरी आणेपर्यंत तिचं तान्हं बाळ होतं. डोंगरातल्या पोरांच्या टोळीत ती भराभर वाढते. मग बांबूतून सोनं आणि रेशीम निघायला लागतं आणि म्हातारा मनाशी घेतो, की हिला राजधानीत नेऊन थोरामोठ्यांच्या घरी द्यावी अशीच वरच्याची इच्छा आहे. तिथे तिला वळण लावलं जातं, मागण्या येतात, आणि शेवटी ती जिथून आली त्या चंद्रावर परत जाते.

शेवट सांगून टाकला म्हणून रुसू नये. मूळची ‘बांबू तोडणाऱ्याची कथा’ दहाव्या शतकाच्या आसपासची, जपानी गद्यातल्या सर्वांत जुन्या कथांपैकी एक. जपानमध्ये ती लहान मुलांनाही पाठ असते. ताकाहाता यांनी हे गृहीत धरूनच चित्रपट बांधला आहे. कथेत काय होतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ती मुलगी पृथ्वीवर आलीच कशाला, इथे राहताना तिला काय वाटलं आणि जाताना तिला एवढं दुःख का झालं, हे मूळ कथा सांगत नाही. त्या न सांगितलेल्या जागेत हा १३७ मिनिटांचा चित्रपट उभा आहे. आणि त्याचं उत्तर संवादांत कमी, चित्रांच्या रेघांत जास्त आहे. कागुयाचं वयात येणं म्हणजे तिच्यातलं एकेक काहीतरी झाकलं जाणं, उपटलं जाणं, सरळ केलं जाणं. ते आपल्याला कळतं, कारण तिला काढणारी पेन्सिलच तशी बदलत जाते.

त्यासाठी रेघेचं काम थोडं समजून घ्यायला हवं. हातानं काढलेल्या नेहमीच्या ॲनिमेशनमध्ये पात्राची बाह्यरेषा बंद लागते. कॉम्प्युटरवर रंग भरताना आकाराच्या आत एकदा टिचकी दिली की रंग रेघेपर्यंत पसरतो. रेघ कुठे तुटलेली असेल तर तिथून बाहेर सांडतो. म्हणून चित्रकारानं पहिल्यांदा काढलेली जाड-बारीक, मध्येच हवेत सुटलेली रेघ सफाईच्या टप्प्यावर घासूनपुसून एकसारख्या जाडीची केली जाते. ओळखीच्या बहुतेक ॲनिमेशनपटांत दिसते ती ही दुसरी रेघ. ताकाहाता यांना पहिली हवी होती. तिच्यात हाताचा दाब असतो, घाई असते, थबकणं असतं. ती टिकवायची तर रेघेचं चित्र वेगळं, रंग कुठपर्यंत जायचा त्याचा बंद आकार वेगळा, आणि मग दोन्ही एकमेकांवर बेतून बसवायची. म्हणजे एकेका क्षणाला दुप्पट-तिप्पट काम. जुळणी केसभर हुकली तर रंग अंगातून सुटल्यासारखा थरथरतो, आणि सलग हालचालीत तो दोष लगेच डोळ्यांत भरतो.

या वाटेचा पहिला मोठा प्रयोग त्यांनी १९९९मध्ये ‘माय नेबर्स द यामादाज’ या चित्रपटात केला. तो तिकीटबारीवर पडला आणि त्यांचा पुढचा चित्रपट यायला १४ वर्षं गेली. ‘कागुया’वर सुमारे आठ वर्षं काम चाललं आणि खर्च पाच अब्ज येनच्या घरात गेला, जपानमधली कमाई त्याच्या निम्म्याच्या आसपास राहिली. निर्मिती करणाऱ्या स्टुडिओ जिबलीनं तरीही तो पुरा होऊ दिला, ही त्या स्टुडिओची मोठी गोष्ट मानायला हवी. पात्रांची रचना आणि ॲनिमेशनची धुरा ओसामु तानाबे यांच्याकडे होती, पार्श्वभूमीची चित्रं काझुओ ओगा यांच्याकडे. जिबलीच्याच ‘माय नेबर टोटोरो’मधली गच्च हिरवी झाडी ज्यांच्या हातची, तेच हे ओगा. तिथे कागदाचा कोपरान् कोपरा रंगानं भरलेला असतो. इथे त्यांनी उलटं केलं आहे. मधोमध दोन-तीन झाडं, गवताचे चार फटकारे, आणि कडेला कागद कोराच. पात्रंही त्याच पेन्सिलीची आणि त्याच पातळ जलरंगाची. त्यामुळे मागे तपशीलवार देखावा आणि पुढे सपाट रंगाची बाहुली, असं एरवी दोन थरांत फाटलेलं दिसणारं चित्र इथे एकजीव दिसतं. कोरी जागा बघणाऱ्यानं स्वतःच्या आठवणीतून भरायची असते, आणि ती भरली जाते.

पहिल्या अर्ध्या तासात हे तंत्र सर्वांत जास्त फळतं. रांगणारं बाळ बेडकामागे जाताना नुसतं पुढे सरकत नाही. ढुंगण वर होतं, हात घसरतो, जड डोकं आधी पुढे कलतं आणि मग अंग मागून येतं. लहान मुलाच्या शरीराचा तोल कुठे असतो हे ज्यानं नीट पाहिलंय त्यालाच ही हालचाल काढता येते. पहिली पावलं टाकतानाचा प्रसंग तर पुन्हा मागे नेऊन बघावा. एका बाजूनं गावातली पोरं तिला ‘ताकेनोको’, बांबूचा कोंब, अशी हाक मारताहेत. दुसऱ्या बाजूनं म्हातारा ‘हिमे’, राजकन्या, म्हणून बोलावतोय. बाळ आधी पोरांकडे वळतं. म्हाताऱ्याचा आवाज चढत जातो, फुटतो, आणि बाळ त्याच्याकडे आलं की तो रडतच त्याला उचलून घेतो. पुढच्या दोन तासांतला सगळा झगडा या दोन हाकांत येऊन गेला आहे, आणि कुणी तो समजावून सांगत बसत नाही.

म्हाताऱ्याचा आवाज ताकेओ चिई यांचा. जपानमध्ये बहुतेक वेळा ॲनिमेशन आधी तयार होतं आणि आवाज नंतर चढवला जातो. ताकाहाता यांनी इथे आवाज आधी ध्वनिमुद्रित केले आणि चित्रकारांनी त्या आवाजाबरहुकूम चेहरे काढले. म्हणून म्हाताऱ्याच्या जबड्यात, धाप लागण्यात, हसू दाबण्यात नटाचा जीव उतरला आहे. चिई २०१२मध्ये वारले, चित्रपट पडद्यावर येण्याच्या एक वर्ष आधी. त्यांचं जवळजवळ सगळं काम तोवर मुद्रित झालं होतं, उरलेले थोडे संवाद युजी मियाके यांनी पुरे केले. कागुयाचा आवाज आकी आसाकुरा यांचा आहे. त्यात बालिश गोडवा मुद्दाम ओढून आणलेला नाही. राग आला की तो खरखरीत होतो, आणि ते फार चांगलं वाटतं. म्हातारीचा आणि निवेदनाचा आवाज एकाच अभिनेत्रीचा, नोबुको मियामोतो यांचा, हे लक्षात ठेवून ऐकलं तर गोष्ट कोण सांगतंय हेही उमगतं.

राजधानीत आल्यावर चित्रं बदलतात. डोंगरात रेघ तिरकी, तुटक, वाऱ्यावर हलणारी होती. वाड्यात खांब उभे, उंबरे आडवे, बांबूचे पडदे काटकोनात. सरळ रेघांच्या चौकटीत ती मुलगी बसवलेली. आधी ती या चौकटी मोडते. नव्या कापडांच्या राशीतून धावते. लांबलचक चित्रगुंडाळी हळूहळू, थोडी थोडी उलगडत बघायची असते, तर ती सगळी एका झटक्यात जमिनीवर सोडून देते. दरबारातून शिकवायला आलेल्या सागामीबाई हताश होतात. पण म्हाताऱ्यासमोर बसल्यावर हीच मुलगी तेरा तारांचं कोतो एकही सूर न चुकता वाजवून दाखवते. शिकण्यात ती कमी पडत नाही, तिला ते नको आहे, एवढं त्या एका वाजवण्यातून स्पष्ट होतं.

हेइआन काळातल्या (आठव्या शतकाच्या अखेरीपासून बाराव्या शतकापर्यंतच्या) थोर घरच्या बायकांच्या साजशृंगाराचे तपशील चित्रपटात चोख आहेत. भुवया उपटून काढायच्या आणि कपाळावर वर दोन धूसर ठिपके रंगवायचे. दात काळे करायचे: लोखंड आंबट द्रावणात मुरवायचं, त्यात मायफळासारख्या गाठींची तुरट पूड मिसळायची, की दोन्ही मिळून दातांवर काळा थर बसतो. हे दातवण झिजतं, म्हणून पुनःपुन्हा लावावं लागतं. वर रेशमी वस्त्रांचे थरावर थर. सागामीबाई हे सगळं समजावतात तेव्हा मुलगी विचारते, भुवया नसल्या तर घाम डोळ्यांत नाही का जाणार, आणि हसायचं झालं तर काय करायचं? उत्तर मिळतं की थोर घरची मुलगी तसं काही करतच नाही. मुलगी म्हणते, मग ती माणूसच नव्हे. थोड्या वेळानं ती मुकाट बसून भुवया उपटू देते. चिमटा, एकेक केस, डोळ्यांतून ओघळलेलं पाणी. हा प्रसंग मोठ्या आवाजाशिवाय, अंतर राखून काढला आहे आणि म्हणूनच तो बोचतो.

भुवयांवरून झालेला वाद आणि त्या उपटू देणं, या दोन प्रसंगांच्या मध्ये चित्रपटातला सर्वांत गाजलेला तुकडा येतो. ती वयात आली म्हणून तिला नाव देण्याचा सोहळा होतो आणि तीन दिवस मेजवानी चालते. ज्या मुलीसाठी हे सगळं, ती आतल्या दालनात पडद्याआड एकटी. बाहेर दारू प्यालेले पाहुणे तिला बघायचा हट्ट धरतात, टिंगल करतात. ती ऐकते आणि पळत सुटते. इथे रेघ अक्षरशः फुटते. कोळशानं ओरबाडल्यासारखे काळे फटकारे, चेहरा दोन-तीन रेघांचा, अंगावरची वस्त्रं एकेक करून मागे सुटत जातात, रंग संपून काळा, पांढरा आणि लाल उरतो. हा भाग शिंजी हाशिमोतो यांनी काढला. नुसता वेग दाखवायचा असता तर पार्श्वभूमी भरभर मागे सरकवून भागलं असतं. इथे रागाचा वेग आहे. शरीर मनाच्या मागे पडतंय आणि चित्र शरीराच्याही मागे, असं वाटत राहतं. पुढे ती बर्फात कोसळते आणि जागी होते ती वाड्यात, आपल्याच जागेवर. स्वप्न होतं की खरं, याचा खुलासा चित्रपट करत नाही, आणि करू नये हेच बरं. त्यानंतर ती बंड करत नाही. इथून पुढे तिची रेघही शांत, अखंड, सफाईदार होते; ज्या गुळगुळीत रेघेला ताकाहाता यांनी सुरुवातीपासून नकार दिला, ती आता या मुलीच्या वाट्याला आली आहे.

मधला भाग पाच मागणीदारांचा. मूळ कथेत कागुया स्वतःहून पाच अशक्य वस्तू मागते. इथे एक बारीक बदल केला आहे आणि तो पटकथेतला सर्वांत हुशार बदल आहे. पाचही जण तिला न पाहताच तिची स्तुती करायला बसतात आणि प्रत्येक जण तिची तुलना दंतकथेतल्या एकेका दुर्मिळ वस्तूशी करतो: होराइ पर्वतावरची रत्नजडित फांदी, अग्नीत न जळणारं अग्निमूषकाचं वस्त्र, ड्रॅगनच्या गळ्यातलं रत्न, बुद्धाचं दगडी भिक्षापात्र, पाकोळीच्या घरट्यातली कवडी. ती एवढंच म्हणते, की मी तुम्हाला इतकी मोलाची वाटते तर ज्याची उपमा दिलीत ते घेऊन या. मागणी तिची नाही, त्यांच्याच शब्दांची आहे. तोंडपूजेला याहून नेमकं उत्तर सापडणं कठीण.

पण हा भाग लांबला आहे. पाच जणांच्या पाच कहाण्या एकामागून एक येतात. कुरामोची खोटी फांदी आणतो आणि कारागीर मजुरी मागत मागोमाग येतात, आबेचं वस्त्र आगीत जळून खाक होतं, ओतोमो समुद्रात वादळात सापडतो. या तिन्हींचा साचा सारखाच आहे आणि दुसऱ्या कहाणीपासूनच पुढचं दिसायला लागतं. चित्रकथा म्हणून त्या सुंदर आहेत, पण कागुया या वेळात पडद्यामागे बसून राहते आणि चित्रपट तिच्यापासून दूर जातो. चौथा, इशित्सुकुरी, आला की पुन्हा पकड येते. तो भिक्षापात्राऐवजी साधं रानफूल आणतो आणि इथून दूर, फुलांच्या गावी जाऊ या असं बोलतो. तिला जे हवं होतं नेमकं तेच. ती डळमळते. तोही फसवाच निघतो, पण या पाचांत फक्त त्यानंच तिचं मन ओळखलेलं असतं. पाचवा, इसोनोकामी, कवडी काढायला चढतो, पडतो आणि मरतो. थट्टेचं सोंग इथे संपतं. तिच्या शब्दामुळे माणूस मेला हे तिला सोसत नाही, आणि वाड्यामागे तिनं हौसेनं लावलेली, डोंगराची आठवण करून देणारी छोटी बाग ती स्वतःच्या हातांनी उद्ध्वस्त करते. इथे आसाकुरांचा आवाज ऐकावा.

सम्राटाचं चित्रण मात्र खटकतं. लांबच लांब हनुवटी काढून त्याला पाहताक्षणीच हास्यास्पद करून टाकलं आहे. त्याचं वागणं मुळातच पुरेसं बोलकं आहे: न विचारता आत येणं, मागून मिठी मारणं, आणि तिला आवडेलच असा ठाम समज. देखणा चेहरा ठेवला असता तर ही दहशत अधिक अंगावर आली असती. मूळ कथेत सम्राटाला बरीच सहानुभूती आहे. त्या दोघांमध्ये पत्रव्यवहार चालतो, जाताना ती त्याच्यासाठी अमरत्वाचं औषध ठेवून जाते आणि तो ते फुजी पर्वतावर जाळायला लावतो. ताकाहाता यांनी ते सगळं काढून टाकलं, आणि तो निर्णय बरोबर आहे. ही गोष्ट तिची राहिली.

प्रेमकथा म्हणाल तर ती सुतेमारूची. हे पात्र मूळ कथेत नाही. लाकडी वाट्या कातणाऱ्या भटक्या कुटुंबातला हा पोरगा. डोंगरातली झाडं संपली की त्यांचं बिऱ्हाड हलतं, आणि झाडं पुन्हा उभी राहायला दहाएक वर्षं जातात. निसर्गाला सावरायला लागणारा हा काळ कथेत नुसता शोभेला नाही. मुलगी मोठी होते, राजधानीत अडकते आणि डोंगर रिकामा असतो, या सगळ्याचं गणित त्यावर बसवलेलं आहे. मधे एकदा तो राजधानीच्या रस्त्यावर चोर म्हणून मार खात असतो आणि तिची गाडी शेजारून निघून जाते. दोघंही एकमेकांना ओळखतात, कुणीच काही करू शकत नाही. हा अर्ध्या-पाऊण मिनिटाचा प्रसंग त्यांच्या नंतरच्या आकाशातल्या लांबलचक उड्डाणापेक्षा खूप सरस आहे. उड्डाण देखणं आहे, संगीत भरून येतं, पण तोवर सुतेमारूला बायको आणि लहान मूल आहे. ‘आपण पळून जाऊ’ म्हणताना त्या बायको-मुलाचं काय, हा प्रश्न चित्रपट विचारतच नाही. सगळं स्वप्नासारखं दाखवून बाजूला सारतो. एरवी इतक्या प्रामाणिक असलेल्या चित्रपटात ही एक जागा पोकळ राहिली आहे.

दुसरी अडचण चंद्राची. तिथे दुःख नाही, मळ नाही, मरण नाही, आठवणही नाही. कागुयानं कुणाच्या तरी गुणगुणण्यातून पृथ्वीबद्दल ऐकलं, तिला ओढ लागली, आणि तिला इथे पाठवलं गेलं. जपानमधल्या जाहिरातीत ‘राजकन्येचा गुन्हा आणि तिची शिक्षा’ अशी ओळ ठळक छापली होती. त्यामुळे प्रेक्षक त्या गुन्ह्याच्या शोधात बसतो. पण चित्रपटात हा खुलासा शेवटच्या भागात आई-वडिलांशी बोलताना थोडक्यात उरकला आहे, आणि लक्ष जरा इकडेतिकडे झालं तर हुकतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला शेवट अचानक वाटतो तो याचमुळे. म्हणून तिनं चंद्राकडे बघत उभं राहणं, सम्राटाच्या मिठीत तिचं एकदम विरून जाणं आणि त्यानंतरचं तिचं रडणं, हे तीन दुवे मनात धरून ठेवावेत. सम्राटाचा स्पर्श झाला त्या क्षणी तिनं नकळत ‘मला इथून न्या’ असं मागितलं, आणि मागणं ऐकलं गेलं. आता नको म्हणून चालत नाही. तिची शोकांतिका एवढीच आणि फार क्रूर आहे.

संगीत जो हिसाइशी यांचं. जिबलीचेच दुसरे दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांच्या चित्रपटांमुळे त्यांचं नाव जगभर गेलं. ताकाहाता यांनी दिग्दर्शित केलेल्या चित्रपटासाठी त्यांनी दिलेलं हे पहिलं संगीत. पात्राच्या मनातलं सुरांनी बोलून दाखवू नये, प्रसंगाच्या मागे मागे जाऊ नये, अशी ताकाहाता यांची अपेक्षा होती. चंद्रलोकीची मंडळी ढगावरून उतरतात तेव्हा याचा अर्थ कळतो. मरणसमयी अमिताभ बुद्ध परिवारासह न्यायला येतात अशी जुनी जपानी बौद्ध चित्रं आहेत, त्याच धर्तीची ही मिरवणूक. आपल्या घशात आवंढा, आणि वर ताल धरायला लावणारं उत्सवी, आनंदी वाद्यसंगीत. येणाऱ्यांना दुःख ठाऊकच नाही, मग त्यांचं संगीत दुःखी कसं असेल? रडवणारे सूर लावले असते तर प्रसंग सोपा झाला असता. चित्रपटभर येणारं पोरांचं चक्राचं गाणं खुद्द ताकाहाता यांच्या चालीचं आहे, आणि ते कुठे कुठे, कुणाच्या तोंडी येतं यावर कान ठेवावा. वाड्यातल्या छोट्या दासीच्या तोंडी ते शेवटी येतं तेव्हा तिनं काय साधलं ते बघण्यासारखं आहे. अख्ख्या वाड्यात ती पोरगी सर्वांत लाडकी होऊन जाते.

आता बघण्याबद्दल. टीव्हीवर बघणार असाल तर आधी सेटिंगमध्ये जाऊन हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. निरनिराळ्या कंपन्या तिला निरनिराळी नावं देतात, ‘मोशन’ असा शब्द त्यात बहुधा असतो. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा. हाती काढलेल्या ॲनिमेशनमध्ये एकेक चित्र दोन किंवा तीन फ्रेम टिकतं आणि त्या टिकण्यातूनच हालचालीला लय येते. टीव्ही मधल्या फ्रेम स्वतः बनवून घालतो तेव्हा पेन्सिलीच्या कडा चिखलासारख्या पसरतात, आणि धावण्याच्या प्रसंगाची तर वाट लागते. ‘व्हिव्हिड’ऐवजी ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोड घ्या, नाहीतर कोरा कागद डोळ्यांवर येतो आणि जलरंगाच्या फिक्या छटा उडून जातात. शार्पनेस कमी ठेवा. जास्त असला तर रेघेभोवती पांढरी कड दिसते. ‘नॉइज रिडक्शन’ही बंद, कारण ते पेन्सिलीचा खरखरीत कण डाग समजून पुसून टाकतं. मोबाइलवर बघू नये. तिथे कोऱ्या जागेचा परिणामच होत नाही, नुसतं चित्र अपुरं वाटतं.

आवाज जपानीच ठेवा. इंग्लिश डबिंगमध्ये क्लोई ग्रेस मोरेट्झ आणि जेम्स कान यांनी चांगलं काम केलं आहे, पण चेहरे मूळ आवाजांवरून काढले असल्यामुळे श्वास आणि ओठ यांची सांगड तिथे सुटते. सबटायटल्स निवडताना इंग्लिशचे दोन पर्याय दिसले तर ‘सीसी’ लिहिलेला टाळावा. तो बहुतेकदा इंग्लिश डबिंगच्या संवादांवरून केलेला असतो, त्यामुळे ऐकू येणारं आणि वाचायला मिळणारं जुळत नाही.

मुलांना दाखवायला हरकत नाही, पण हा टोटोरोसारखा चित्रपट नव्हे. बाळाला पाजतानाचं आणि ओढ्यात उघडी पोरं डुंबतानाचं चित्रण आहे. ते निरागस आहे, अडचणीचं काही नाही. अडचण लांबीची आणि शेवटाची. आठ-नऊ वर्षांच्या आतलं मूल मागणीदारांच्या भागात चुळबुळ करेल, आणि शेवटानंतर ‘ती सगळं विसरली का?’ हा प्रश्न येईल. त्याला उत्तर द्यायची तयारी ठेवावी. दोन बैठकांत बघायचा झालाच तर ती बर्फातून वाड्यात परत जागी होते तिथे थांबा. मागणीदारांच्या मध्ये तोडू नका. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीबरोबर बघत असाल, आणि विशेषतः मुलीच्या वडिलांनी, म्हाताऱ्याकडे नीट लक्ष द्यावं. तो दुष्ट नाही, लोभीही फारसा नाही. मुलीच्या सुखासाठीच सगळं करतो आणि ती सुखात आहे का हे एकदाही विचारत नाही. म्हातारीला ते कळतं. वाड्याच्या एका कोपऱ्यात ती चूल आणि माग मांडून गावाकडचं घर शाबूत ठेवते, आणि मुलगी श्वास घ्यायला तिथेच येते.

हा ताकाहाता यांचा शेवटचा चित्रपट ठरला. २०१८च्या एप्रिलमध्ये ते गेले. ऑस्करच्या ॲनिमेशनपटांच्या विभागात २०१५मध्ये त्याला नामांकन होतं, पुरस्कार मिळाला नाही. श्रेयनामावली सुरू झाली तरी बंद करू नका, काझुमी निकाइदो यांनी लिहिलेलं आणि गायलेलं गाणं तिथे आहे. चित्रपटाच्या निर्मितीवर एक लांब माहितीपटही निघाला आहे. तो नंतरच बघावा. आवाज देणाऱ्या नटांचे चेहरे एकदा डोळ्यांसमोर आले की म्हाताऱ्याचा आवाज त्याच्या चित्रातून येतोय असं वाटायचं थांबतं, आणि पहिल्यांदा बघताना ते वाटायलाच हवं. दुसऱ्यांदा बघाल तेव्हा सुरुवातीची दहा मिनिटं आवाज पूर्ण बंद करून बघा. बाळाच्या रांगण्यात हात आधी हलतो की डोकं, रेघ कुठे सुटते आणि रंग तिला कुठे गाठतो, हे तेव्हाच नीट दिसतं.